ऐरण विकत घेऊ नका

(दृश्य : गोव्यातल्या उसगाव-तिस्क भागातला भंगारअड्डा. ट्रकचे पाटे, अॅक्सल, गंजलेल्या साखळ्या.)

हा ट्रकचा कमानपाटा. गंज वरवरचा आहे, खाली पोलाद आहे, आणि चांगलं पोलाद आहे. असल्या पाट्यांवर बसूनच डिचोली, सत्तरी, सांग्याचं खनिज धक्क्यापर्यंत यायचं, बार्जमध्ये पडायचं, मांडवी-झुआरीतून मुरगाव बंदराला लागायचं आणि पुढे जपानला, चीनला जायचं. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. ट्रक उभे राहिले, त्यांच्यावर चालणाऱ्या चुलीही. पाटे इथे आले.

आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोयता घ्यायला जा आणि विकणाऱ्याला विचारा, घडवला कुठे? घाटावरच्या गावाचं नाव ऐकू आलं तर नवल वाटून घेऊ नका. एवढं लोखंड या मातीतून गेलं आणि माडाखाली लागणारा कोयता बाहेरून येतो. आम्हाला ही फिल्म करावीशी वाटली ती यासाठी.

(दृश्य : मुलगा ढिगातून एक तुकडा उपसतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो.)

हा मुलगा सत्तरीतला, आयटीआयचा फिटर. खिशात पैसे बेताचेच. त्याला लोहारकाम शिकायचंय, आणि शिकवायला गावातले एक लोहारमामा तयार आहेत. मामांचा स्वतःचा मुलगा या धंद्यात नाही. तो पणजीत नोकरीला आहे, बरा आहे.

लोहारकाम म्हटलं की माणूस आधी ऐरण शोधायला लागतो. मोबाइल उघडतो, शिंगवाल्या ऐरणीचे फोटो बघतो, किंमत बघतो आणि मोबाइल बंद करतो. बंद करतो तेच बरं करतो. स्वस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी ऐरणी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, असतात. बीड ठिसूळ. कडा उडतात, घाव मेल्यासारखा बसतो. परीक्षा फुकटात होते : ट्रकच्या बेअरिंगमधली एक गोळी वीतभर उंचीवरून पृष्ठभागावर सोडायची. पोलाद असेल तर गोळी टणकन वर येते, बीड असेल तर जागच्या जागी लोळते. बघा.

(दृश्य : गोळी पडते. आधी बिडाच्या तुकड्यावर, मग रुळावर. निवेदन थांबवा, आवाज ऐकू द्या.)

हा रुळाचा तुकडा आहे. आपल्याकडे रूळ मुख्यतः दोन वजनांत मिळतो, मीटरला ५२ किलो आणि मीटरला ६० किलो. म्हणजे फूटभर तुकडा साधारण सोळा ते अठरा किलोचा. बहुतेक जण तो आडवा ठेवतात, कारण रूळ आडवाच बघायची डोळ्यांना सवय. पण आडव्या रुळाची मधली कंबर बारीक, ती घाव खाली पोचू देत नाही. तोच तुकडा उभा करा. आता हातोड्याच्या खाली फूटभर सलग पोलाद आहे. ठोकायला जागा जेमतेम सात सेंटीमीटर रुंद, पण कुठल्याही एका क्षणी हातोड्याखाली लोखंड तरी केवढं असतं? तेवढ्याच जागेवर कोयते, कुदळी, पिकासं घडलेली आहेत.

एक सांगितलंच पाहिजे. रूळ रेल्वेच्या कडेला पडलेला दिसला म्हणून उचलून आणायचा नाही. त्यासाठी १९६६चा स्वतंत्र कायदा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिलावातून आलेला माल विकणाऱ्याकडूनच घ्यायचा, पावतीसकट. पावती नसेल तर रुळाचा हट्ट सोडा आणि बार्ज दुरुस्त करणाऱ्या यार्डांबाहेर चौकशी करा. जाड शाफ्टचा तुकडा किंवा दोन-अडीच इंची प्लेटची कापलेली कड उभी केली तरी काम तेच होतं.

(दृश्य : फणसाचा ओंडका. मुलगा करवतीने वरचा भाग सपाट करतो.)

ओंडका फणसाचा, वादळात पडलेल्या झाडाचा. त्याची उंची मापपट्टीने ठरवायची नाही. सरळ उभं राहायचं, मूठ वळायची, हात खाली सोडायचा. ऐरणीचा माथा मुठीला टेकला पाहिजे. जास्त उंच झाली तर खांदा जातो, ठेंगणी झाली तर कंबर. मामांनी त्याला तीन वेळा ओंडका कापायला लावला. तिसऱ्या वेळी काही न बोलता विडी पेटवली, म्हणजे पसंत.

आता भट्टी. मामांची भट्टी जमिनीत आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळची. मुलाची घमेल्यात आहे. कडेला भोक पाडून पाइप आत सोडलाय, सगळीकडून माती थापलीय आणि मधोमध दोन मुठी मावतील एवढा खळगा ठेवलाय. पाइपच्या तोंडावर किमान चार बोटं निखारा राहील इतकी खोली हवी. उथळ भट्टीत हवा थेट लोखंडाला लागते, तापायच्या आधीच खपल्या धरतात.

माती कुठली? सगळ्यात चिकट माती वारुळाची. पण वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीच्या मुलखात वारुळाला कुदळ लावायला कोण धजणार? भाताच्या शेताच्या बांधावरची चिकणमाती आणली, तीत वाळू मिसळली. नुसती चिकणमाती वाळताना तडकते. चार दिवस सावलीत वाळवली, तडे गेले तिथे पुन्हा लिंपली.

(दृश्य : मातीवर फिरणारा ओला तळवा, जवळून.)

पाइप घेताना सांभाळा. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यामुळे जो तो जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घेतो. भट्टीला तो चालत नाही. जस्त तापून जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा पाइप मागा. नसेल तर सायकलवाल्याकडची जुनी नळीसुद्धा चालेल, फक्त मुलामा नको.

वारा द्यायला मामांकडे हाताने फिरवायचा पंखा आहे. त्याआधी चामड्याचा भाता होता, तो उंदरांनी खाल्ला. मुलाने बहिणीचा हेअर ड्रायर आणलाय. थंड हवेवर ठेवायचा, आणि तोंड पाइपपासून थोडं लांब, कारण त्याचा जोर भट्टीला जास्त होतो. बहीण नवीन मागतेय, तो खर्च कुठे धरायचा हे अजून ठरलेलं नाही.

(दृश्य : पत्र्याच्या पिंपात करवंट्या. झाकणाच्या फटीतून धूर.)

कोळसा ही खरी गोव्याची श्रीमंती. मुरगाव बंदरात दगडी कोळसा उतरतो, त्याच्या धुळीवरून वास्कोत वाद आहे, तो आपल्याला नको. आपल्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, करवंटी आहे. खोबरं वाळवणाऱ्याच्या आवारात तिचे ढीग पडलेले असतात, आणि बऱ्याचदा ते पाण्याचा बंब तापवण्यात संपतात. पिंपात भरायची, पेटवायची, आणि धूर पांढरा दाट येतो तोवर थोडीशी हवा चालू ठेवायची. धूर विरळ, निळसर झाला की सगळ्या फटी मातीने बुजवायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झाकण उघडायचं नाही. कोळसा कडक, राख कमी, आच जबर. फक्त तो भराभर संपतो. एका सकाळच्या कामाला पोतं लागतं, म्हणून करवंटीवाल्याशी संबंध चांगले ठेवा.

(दृश्य : हातोड्यांची रांग. मुलगा एक उचलतो, दुसरा ठेवतो.)

पैसे खर्च करायचे असतील तर ते हातोड्यावर करा. आठशे ग्रॅम ते किलोभर वजनाचा, चांगल्या दांड्याचा, चार-पाचशे रुपयांत बरा मिळतो. दुकानातून आणला तसा वापरायचा नाही. त्याची कड धारदार असते, ती तापल्या लोखंडात प्रत्येक घावाला चंद्रकोरीचा व्रण उठवते. कानसीने ती गोल करायची, मग पॉलिश पेपर. हे कंटाळवाणं काम आहे आणि पुष्कळ जण ते टाळतात. त्यांची कामं लगेच ओळखू येतात.

कानस घासली जातेय तोवर जुनी गोष्ट सांगून टाकतो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अल्बुकर्कने आपल्या राजाला कळवलं की इथले बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. बोहेमिया म्हणजे तेव्हाच्या युरोपातलं नावाजलेलं ठिकाण. बंदुकीची ती नळी ज्यांनी घडवली त्यांच्याकडे वीज नव्हती, वेल्डिंग नव्हतं. भट्टी, भाता, ऐरण, घण होता. आपण ज्याला कमी साधनं म्हणतो ती एवढीच.

(दृश्य : संध्याकाळ. भट्टी पेटलेली. बारा मिलिमीटरची सळी निखाऱ्यात.)

सांडशी अजून आलेली नाही, लक्षात आलं का? सुरुवातीला ती लागत नाही. दोन फुटांची सळी घ्या, एक टोक भट्टीत, दुसरं हातात. बांधकामावर उरलेली सळी चालते. हात भाजायला लागला की हातातलं टोक पाण्यात बुडवा.

रंग बघा. आधी काळपट लाल. या रंगावर ठोकलं तर हात दुखतो, लोखंड हलत नाही. मग पेरूच्या गरासारखा लाल, मग नारिंगी. मुलगा काढायला जातो आणि मामा म्हणतात, "आनी मात्शें तापूं दी मरे." म्हणजे अजून थोडं तापू दे. नारिंगीवर पिवळी झाक आली की बाहेर. ठिणग्या उडायला लागल्या तर उशीर झाला, तेवढं टोक जळालं, कापून टाका.

(दृश्य : टोक घडताना, अगदी जवळून. पहिले दहा घाव निवेदनाशिवाय.)

टोक काढायचं तर सरळ गोल टोकदार करायला जाऊ नका. आधी चौकोनी. घाव, पाव वळण, घाव, पाव वळण. चौकोनी निमुळतं झालं की कोपरे मारून आठकोनी, शेवटी हलक्या हाताने गोल. पहिल्यापासून गोल ठोकलं तर वरचं लोखंड पुढे सरकतं, गाभा मागे राहतो आणि टोकाला माशाचं तोंड उघडतं. मुलाच्या पहिल्या सळीचं तेच झालं, दाखवतो. ही बघा फट.

लाली गेली की थांबायचं. सगळ्यात अवघड हेच. हात चालू असतो, अजून दोन घाव मारावेसे वाटतात.

या सळीचा आकडा झाला. पडवीत पाटी टांगायला लागला. दुसऱ्या सळीची निखारे ओढायची काठी झाली. तिसरं काम सांडशी : पंचवीस मिलिमीटर रुंद आणि सहा जाड अशा दोन पट्ट्या, चिमटीच्या मागे दोन्हींना पाव पीळ, तापवून सुंब्याने पाडलेलं भोक आणि आठ मिलिमीटरच्या तुकड्याचा रिव्हेट. रिव्हेट ठोकल्यावर सांडशी जाम होते. मग सांधा पुन्हा लाल करायचा आणि पाण्यात उघडझाप करत राहायचं. अशी सुटलेली सांडशी आयुष्यभर चालते.

(दृश्य : मामा आणि मुलगा समोरासमोर. मामांच्या हातात लहान हातोडा, मुलाच्या हातात घण. पाटा लालभडक.)

आता आपला पाटा. हे एकट्याचं काम नाही. मामा लहान हातोड्याने जागा दाखवतात, घण तिथेच पडतो. मामांनी ऐरणीवर रिकामा टोला दिला की थांबायचं. बोलणं नाही. पाटा जुना, त्यात न दिसणारे तडे असू शकतात, म्हणून लाली उतरल्यावर त्याला हात लावायचा नाही, काचेसारखा जातो.

(इथे निवेदन नको.)

पाणी पाजायची, म्हणजे तापलेली धार एकदम थंड करून कडक करायची, वेळ डोळ्यांनी ओळखायला मामांना उमर गेली. मुलाकडे जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक आहे. ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंडाला चुंबक धरत नाही. धरेनासा झाला की अजून थोडं तापवायचं आणि धार तेलात. पाट्याच्या पोलादाला पाण्यात बुडवलं तर चीर जाऊ शकते. खाद्यतेल चालतं, कोमट करून घेतलेलं, पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याचं झाकण हाताशी, कारण ते पेट घेतं. मग धारेवर कानस फिरवून बघायची. घसरली तर पोलाद कडक झालं. एवढं कडकही नको, नाहीतर पहिल्या नारळाला तुकडा उडेल. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर मागून आच देत गवती पिवळा, मग तपकिरी रंग चढेपर्यंत थांबायचं.

कपडे सुती, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, खाली सिमेंटची जमीन नको. हे सगळ्यांनी पाळायचं, मामांनीसुद्धा, जे चपलेत काम करताना तुम्हाला दिसले.

(दृश्य : पडवीत मांडलेली हत्यारं. मुलगा तेलाचं फडकं फिरवतो.)

पाऊस जवळ आलाय. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या मुलखात उघड्यावरचं लोखंड आठवड्यात तांबडं होतं. घमेल्याची भट्टी उचलून पडवीत आणलीय, जमिनीतली असती तर उचलता आली नसती. पुढची खरेदी जुनी मोठी व्हाइस, म्हणजे काम पकडून ठेवायचा शिकंजा, तीही भंगारातूनच. तोवर मुलाकडे शेजारच्या भाटातून दोन कोयत्यांचं काम आलंय. माडाची सूर काढणारे रेंदेर मात्र माडाच्या पोयीला, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याला, लावायची काती अजून मामांकडूनच करून घेतात, आणि मामा ती एवढ्यात मुलाच्या हातात देणार नाहीत.