अंधार पडायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून आमची सोसायटी आहे. सातव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून रान दिसतं. त्या रानात माणसंही राहतात, पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे मला कळलं ते वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीमुळे. ती वारली आदिवासी आहे आणि तिचा पाडा उद्यानाच्या हद्दीत आहे. २०२४ च्या दिवाळीआधी ती म्हणाली, "वाघबारशीला ये आमच्याकडे. राहायलाच ये."

पाड्याचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या लोकांना पाहुण्यांची वर्दळ नको आहे.

स्टेशन सोडून तासभरही झाला नसेल आणि आम्ही पायवाटेला लागलो होतो. दोन्ही बाजूंना कारवीची झुडपं. त्या पावसाळ्यात ती फुलून गेली होती. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. आधीचा बहर २०१६ चा, पुढचा २०३२ ला. वाळलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची, की झाली कुडाची भिंत. मैत्रिणीच्या घराची अशी एकच भिंत आता उरली आहे. ऑक्टोबरच्या उन्हातून आत गेल्यावर मी त्या भिंतीला हात लावला, तर ती गार होती. बाकीच्या बाजूंना पत्रा आणि निळं प्लास्टिक, कारण राष्ट्रीय उद्यानात काडी तोडायलाही बंदी आहे. बंदीचं कारण मला समजतं, सव्वा कोटीचं शहर भिंतीपलीकडे बसलं आहे. पण शाश्वत घर कसं असावं हे आम्ही पुस्तकात शिकायचं आणि ज्यांना ते बांधता येतं त्यांनी प्लास्टिकखाली राहायचं, हे मला फार लागलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तिच्या वडिलांनी दावा केला आहे. अजून निकाल नाही.

परसात वाल, दुधी, भोपळा. गावठी काकड्या मांडवावर लोंबत होत्या. मैत्रिणीच्या आजीने एक तोडून हातात दिली आणि जूनमध्ये शेवळं ही रानभाजी खायला यायचं आमंत्रणही दिलं. शेवळाच्या भाजीत काकड नावाच्या झाडाची फळं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो, हेही तिनेच सांगितलं.

मग आम्ही वाघोबाला गेलो. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारस म्हणजे अश्विन वद्य द्वादशी. आपल्याकडे त्या दिवशी गाय-वासराची पूजा होते, इथे वाघाची. पाड्यावर बिबट्यालाही वाघच म्हणतात. नारळ फुटला आणि आजी दगडाशी बोलू लागली, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी. गुरांना सांभाळ, पोरांना सांभाळ, तुझ्या वाटेने तू जा, आमच्या वाटेने आम्ही जातो.

या उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर. रानात लावलेल्या, आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी २०१८ मध्ये मोजणी झाली, तेव्हा इथे आणि लगतच्या भागात ४७ बिबटे दिसले होते. एवढ्या कमी जागेत इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. मी आजीला विचारलं, भीती नाही वाटत? तिने उत्तर दिलं नाही, हातात खराटा दिला.

श्रोतेहो, त्या संध्याकाळी मला जे कळलं ते सांगण्यासाठीच मी आज इथे आले आहे. सूर्य कलला की पाड्यावर आवराआवर सुरू होते. उष्टं-खरकटं कोंबड्यांना, भाजीची देठं शेळीला, राख आणि शेण परसात. कोंबड्या डालग्याखाली, शेळी घरात. अंगणात खायचं म्हणून काही उरत नाही. खरकटं पडलं की कुत्रे जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. उद्यानाच्या कडेने फिरणाऱ्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासकांनीही दाखवून दिलं आहे. अंगण झाडणं हीच तिथली राखण. पोरं अंधार पडायच्या आत घरात येतात. उशीर झालाच तर दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत, बॅटरी घेऊन चालतात.

रात्री जेवणं झाल्यावर लांबून चितळाची इशाऱ्याची हाक आली. तीक्ष्ण, थांबून थांबून. सगळे बोलायचे थांबले. मग माकडं ओरडली, जरा अलीकडे. मैत्रीण कुजबुजली, "ओढ्याकडून चाललाय." थोड्या वेळाने रान शांत झालं आणि आजीने अर्धी राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू केली. मला मात्र पहाटेपर्यंत झोप लागली नाही. भीतीने नव्हे. आपण वीस वर्षं याच आवाजांच्या शेजारी झोपतो आणि खिडक्या बंद असतात, हे डोक्यातून जाईना.

याच रानात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला आजही तिथून पाणी येतं. त्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कान्हेरीच्या भिक्खूंनी लेण्यांजवळ पावसाच्या पाण्यासाठी टाकी खोदली. ती मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण तेव्हा सगळं लक्ष डब्याकडे होतं.

घरी परतले तेव्हा आमच्या फाटकाशी कचऱ्याचे डबे भरून वाहत होते. रात्री दहाला ते बाहेर ठेवायचे, सकाळी गाडी येईपर्यंत तिथेच. भोवती सात कुत्रे. वर्षभरापूर्वी याच फाटकाच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला, तेव्हा सोसायटीने पिंजरा लावायची मागणी करणारा अर्ज दिला होता. त्यावर माझ्या बाबांचीही सही आहे.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. वाद झाला, दोन सभा गेल्या. आता ओला कचरा आवारातच खतात जिरतो आणि बाकीचे डबे सकाळी सातनंतर बाहेर येतात. कुत्रे अजून आहेत, पण फाटकाशी बसत नाहीत.

फोनवर आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. आता पोरांनाही सांग, अंधारात एकटं जायचं नाही. आणि जाल तेव्हा बोलत जा, म्हणजे त्याला कळतं."

नमस्कार.