तिरक्या रेघेपुढचा आकडा

नमस्कार श्रोतेहो. आज कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसलात तर बरं. घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून येणारे नको ते पत्ते कसे अडवायचे, हे सांगताना मी थोडे आकडे सांगणार आहे, आणि आकडे नुसते ऐकले की निसटतात.

गोष्ट माझ्याच घरातली. एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही सिस्टीम टाकून मी त्यात घरचे सगळे फोटो ठेवले. बाहेरगावाहूनही ते बघता यावेत म्हणून राउटरमध्ये 22 नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडलं. एसएसएच, म्हणजे दुरून कॉम्प्युटरमध्ये शिरायची सोय, सहसा याच पोर्टवर चालतं. दोन-तीन दिवसांनी सहज लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंदवही, उघडला आणि बघतच राहिलो. दर चार-पाच सेकंदांनी कुणीतरी दार ठोठावत होतं. कधी रूट या नावानं, कधी अ‍ॅडमिन, कधी टेस्ट, मधेच ओरॅकल. आता आमच्या घरात ओरॅकल कोण? इंटरनेटवरचे पत्ते ओळीनं चाचपत फिरणारे प्रोग्राम असतात हे. त्यांना तुमचं नावगाव ठाऊक नसतं, एखादं उघडं दार तेवढं हवं असतं.

पत्ते नीट पाहिले तर बरेचसे एकाच आळीतले. पहिले तीन आकडे तेच, चौथा फक्त बदलतोय. समजा 203 टिंब 0 टिंब 113 टिंब 7, मग शेवटी 45, मग 190. हे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, तेव्हा कुणाची बदनामी होत नाही. आता एकेक पत्ता अडवत बसलं तर रात्र सरेल. म्हणून फायरवॉलमध्ये, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, ओळीतल्या पत्त्यांची अख्खी रेंज अडवायची सोय असते. शेवटचा आकडा शून्य लिहायचा, पुढे तिरकी रेघ, आणि रेघेपुढे 24.

हे 24 काय? पत्त्यात चार आकडे, प्रत्येक 0 ते 255 मधला, प्रत्येकाला 8 बिट, म्हणजे 0 किंवा 1 लिहायच्या आठ जागा. एकूण 32. रेघेपुढचा आकडा सांगतो की सुरुवातीचे इतके बिट जुळले की पुरे, बाकीचे काहीही असोत. 24 जुळवले की उरतात 8, म्हणजे 256 पत्ते. 24 ऐवजी 16 लिहिलंत तर 65,536. आणि 8 लिहिलंत तर 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. आकडा लहान तितकं जाळं मोठं, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. पिनकोड आठवा. 411030 म्हटलं की सदाशिव पेठ. नुसतं 4 म्हटलं की त्यात महाराष्ट्र आला, गोवा आला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही आलं. सदाशिव पेठेतून कुणी निनावी पत्रं धाडतंय म्हणून 4 ने सुरू होणारं सगळंच टपाल परत पाठवायचं का?

मी तेच केलं. रात्री एक वाजता, चिडून, 24 च्या जागी 8. लॉग गप्प झाला, मीही झोपलो. आठवड्यानं कोल्हापूरला ताईकडे गेलो. भाच्याच्या मुंजीचे फोटो दाखवावेत म्हणून मोबाइलवरून घरचा कॉम्प्युटर उघडायला गेलो, तर उघडेना. मोबाइल कंपनीनं त्या दिवशी मला दिलेला पत्ता त्या 1 कोटी 67 लाखांतलाच होता! ताई म्हणाली, "कुलूप लावलंस आणि किल्ली आतच ठेवलीस होय रे?"

या चार आकड्यांच्या पत्त्यांना आयपीव्ही4 म्हणतात, आणि ते सगळे मिळून जेमतेम 429 कोटी. 3 फेब्रुवारी 2011 ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. तेव्हा मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे ढीगभर गिऱ्हाईकं बसवतात. तो एक पत्ता अडवलात की ती सगळी अडली. म्हणून आधी हूइज या इंटरनेटवरच्या नोंदवहीत पत्ता टाकून बघा. रेंज कुठून कुठवर आणि कुणाच्या नावावर, ते तिथे दिसतं. आपल्या भागातले पत्ते एपनिक ही संस्था वाटते, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून. भारतापुरतं ते काम आयआरआयएनएन या संस्थेकडे. रेंज भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या कंपनीची निघाली, तर आजचा उपद्व्यापी उद्या जागा सोडून जातो आणि तिथे दुसराच कुणी भाडेकरू येतो. म्हणून नियम लिहिताना शेजारी तारीख आणि कारण लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

विंडोजवाल्यांसाठी: फायरवॉलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये इनबाउंड रूल्स, न्यू रूल, कस्टम. पुढे स्कोपच्या पानावर दोन चौकटी दिसतात, वरची लोकल म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता, खालची रिमोट म्हणजे समोरच्याचा. रेंज खालच्या चौकटीत टाका. वरच्या चौकटीत टाकली तर नियम बनतो, यादीत दिसतोही, अडत मात्र कुणीच नाही. विंडोजमध्ये अडवण्याचा नियम साधारणपणे परवानगीच्या नियमाला भारी पडतो, क्रम कसाही असो. लिनक्सच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये तसं नाही. तिथे यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळलेला नियम लागतो. 22 नंबरला परवानगी वर आणि तुमची बंदी खाली असेल, तर बंदी वाचलीच जात नाही. 'इन्सर्ट 1' म्हणून ती वर घालावी लागते. हा घोळही मी घातलाय, सांगायला लाज कसली. आयपीव्ही6 या नव्या, लांबलचक पत्त्यांचे नियम वेगळे लिहावे लागतात, तेवढं ध्यानात असू द्या.

पण खरं सांगू? बंदीची यादी कधी संपत नाही. एक आळी अडवली की दुसरीतून येतात. घरच्या कॉम्प्युटरवर कुणाला अडवायचं यापेक्षा कुणाला आत घ्यायचं ते ठरवणं फार सोपं, कारण ती माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी 22 चं पोर्ट राउटरवर बंद केलं आणि वायरगार्ड बसवलं, म्हणजे किल्लीवाल्यालाच आत घेणारा खासगी रस्ता. किल्ली म्हणजे कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला एक लांबलचक गुप्त संकेत. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तिथून उत्तरसुद्धा मिळत नाही, दार आहे हेच कळत नाही. फोनमध्ये एक किल्ली, ताईच्या लॅपटॉपवर एक.

परवा लॉग उघडला. ओरॅकल नाही, अ‍ॅडमिन नाही. दिवसभरात एकच नोंद, दुपारी सव्वातीनची. ताईनं मुंजीचे फोटो उतरवून घेतले होते.