मधल्या बोटाचा आवाज

[पडद्यावर बेस गिटारची सर्वांत जाड तार आणि उजव्या हाताची तर्जनी. चित्र अतिशय संथ गतीत.]

तर्जनी तारेला टेकते. तार दबते, बोटाच्या टोकाला क्षणभर रुतते आणि निसटते. बोट तिथे थांबत नाही, तसंच पुढे जाऊन अंगठ्याला टेकतं. तार मात्र आता थरथरते आहे, सेकंदाला साधारण 41 वेळा. डोळ्यांना दिसते ती फक्त एक धूसर पट्टी.

आता मधलं बोट. तीच तार, तीच जागा, तीच हालचाल. आवाज मात्र अगदी तोच नाही. पुन्हा ऐका. तर्जनी... मधलं बोट... तर्जनी... मधलं बोट.

एक स्वर गोल येतो, दुसरा थोडा जाड आणि किंचित मोठा. सावकाश वाजवताना हा फरक जाणवतही नाही. पण सेकंदाला 8 स्वर वाजायला लागले की कानाला तोच फरक टोचतो आणि चांगली बांधलेली चाल लंगडायला लागते. बेसवर वेग कमवायचा म्हणजे आधी हा फरक मिटवायचा. ज्यांचा हात खरोखर वेगात आणि एकसारखा चालतो, त्यांच्याकडे बघून माझं हे मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलंय.

[जुन्या धाटणीच्या बेसचं छायाचित्र. बारीक तारेखालच्या पट्टीवर कॅमेरा स्थिरावतो.]

1951 साली गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस बाजारात आला. त्या सुरुवातीच्या बेसवर सर्वांत बारीक तारेच्या खालच्या अंगाला एक छोटी पट्टी असायची. बोटं त्या पट्टीला अडकवायची आणि अंगठ्याने तार छेडायची, असा त्यामागचा विचार. वादकांनी हळूहळू उलटंच केलं. अंगठा वर टेकवला आणि बोटं मोकळी सोडली. सत्तरच्या दशकात पट्टीही वरच्या अंगाला गेली, अंगठ्यासाठी.

पण बोटं मोकळी झाली तरी सगळ्यांनी दोन बोटं वापरली असं नाही. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन साठच्या दशकात जे वाजवत होते, ते उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. उभ्या डबल बेसवर घडलेला हात होता तो. त्या बोटाला नावच पडलं होतं, ‘द हुक’, म्हणजे आकडा.

जेमरसन यांचं वादन ऐकताना स्वरांच्या पोतातला सारखेपणा लक्षात येतो. एकच बोट, म्हणजे एकच कातडी, एकच लांबी, एकच कोन. जिथे स्वर मुद्दाम दाबलाय तिथे तो दाबलेला, जिथे सोडलाय तिथे सोडलेला. बोटाच्या सोयीसाठी काही घडत नाही. दोन बोटांनी वाजवणाऱ्याला वेग मिळतो, पण त्याच क्षणी हा आयता सारखेपणा हातातून जातो आणि पुढे तो कमवावा लागतो.

[दोन हातांची रेखाटनं. कोपरापासून बोटांपर्यंत कंडरांच्या रेषा.]

हे अवघड का, ते हाताच्या रचनेत दिसतं. बोटांची पेरं वाकवणारे जोरकस स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगटाच्या मध्ये. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून जातात आणि बोटं ओढतात. तर्जनीची खोलवरची कंडरा बरीचशी स्वतंत्र चालते. मधल्या बोटाचं तसं नाही. त्याचा खोलवरचा स्नायू अनामिका आणि करंगळीशी जोडलेला असतो. म्हणून मधलं बोट जोरात ओढलं की अनामिकाही हलते. प्रयोग करून बघा, हात मांडीवर सैल ठेवून.

शिवाय मधलं बोट लांब. हात सरळ ठेवला तर ते तारेखाली जास्त खोल जातं, जास्त तार ओढतं, आणि बाहेर यायला त्याला जास्त वेळ लागतो. उपाय साधा आहे. मनगट न मोडता पंजा थोडा तिरका धरायचा आणि मधलं बोट जरासं जास्त वाकवायचं, म्हणजे दोन्ही टोकं तारेवर एका रेषेत येतात. आरशात बघितलं तर दोन मिनिटांत जमतं. ते टिकायला मात्र काही महिने जातात.

मनगटाबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. बेसच्या कडेवर हात लोंबकळत ठेवला की मनगट काटकोनात मोडतं, आणि त्या सगळ्या कंडरा त्याच अरुंद वाटेतून घासत जातात. पट्टा लांब-आखूड करून मनगट सरळ आणा. दुखायला लागलं, मुंग्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवा. दुखणं अंगावर काढून बोटाला वेग येत नाही.

[पडद्यावर रेकॉर्डिंगचा आलेख. डोंगरांची रांग, एक उंच, एक बुटका, एक उंच, एक बुटका.]

हा आलेख माझ्याच वादनाचा आहे. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 92 मात्रांवर, एका मात्रेत चार स्वर. वाजवताना मला सगळं ठीक वाटत होतं. आलेखात मात्र मधलं बोट स्पष्ट दिसलं, दर दुसऱ्या स्वराला. वाजवणाऱ्याचा कान हाताच्या बाजूने साक्ष देतो, म्हणून रेकॉर्डिंग करायचंच. फोनवर केलं तरी चालतं.

नीट बघितलं तर यात असमानता तीन प्रकारची आहे. पहिली आवाजाची, ती डोंगरांच्या उंचीत दिसते. दुसरी वेळेची. दोन डोंगर जवळ जवळ आणि मग मोठी फट, असं झालं की लय दुडक्या चालीवर जाते. तिसरीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ती आहे स्वराच्या लांबीची.

ही तिसरी जरा जवळून बघू.

[पुन्हा संथ गती. तार थरथरते आहे, दुसरं बोट वरून खाली येतं आहे.]

दुसरं बोट तारेला टेकलं की आधीचा स्वर तिथेच मरतो. बोट लवकर टेकलं तर स्वर आखूड. उशिरा टेकलं तर स्वर लांब, पण पुढचा ठोका घाईत. आता आकडे धरा. 120 च्या लयीत, मात्रेला चार, म्हणजे सेकंदाला 8 स्वर. एका स्वराच्या वाट्याला 125 मिलिसेकंद येतात. जाड तार मोकळी असताना तिच्या एका कंपनाला साधारण 24 मिलिसेकंद लागतात. म्हणजे त्या स्वराला जेमतेम पाच कंपनं मिळतात. त्यातलं एक बोट लवकर टेकल्यामुळे गेलं तर चारच उरली. तर्जनी पाच देते आणि मधलं बोट चार, तर आवाजाची पातळी सारखी असूनही ओळ विस्कटलेली वाटणारच.

म्हणून बोटाचं टेकणं आणि सोडणं ही एकच झटपट क्रिया व्हायला हवी. टेकून वाट बघायची नाही.

[वादक अॅम्पचा आवाज वाढवतो.]

त्यासाठी स्पर्श हलका लागतो. अॅम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारं यंत्र, वाढवा आणि बोट हलकं करा. तार जोरात ओढली की ती फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटून खडखडते, सुरुवातीला स्वर किंचित चढतो, आणि बोटाला परतीचा प्रवासही लांब पडतो. बेसवादक गॅरी विलिस यांनी तर तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपच्या पातळीला लाकडी फळी बसवली, बोट तारेखाली खोल जाऊच नये म्हणून.

छेडायची जागाही महत्त्वाची. ब्रिजजवळ, म्हणजे तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तार कडक लागते, कमी हलते, पटकन परत येते. नेकजवळ, म्हणजे गळ्याकडे, ती सैल लागते, स्वर भरीव येतो, पण बोटाखालून तार निसटायला वेळ जातो. बेसवादक जाको पास्टोरियस यांचे वेगवान, सुटे-सुटे स्वर ब्रिजकडच्या पिकअपजवळून येतात. सत्तरच्या दशकात टॉवर ऑफ पॉवर या बँडचे बेसवादक रोको प्रेस्तिया मात्रेला चार स्वर अखंड चालवत, तेव्हा डाव्या हाताने तारा हलक्या दाबून स्वर आखूड आणि कोरडे ठेवत. स्वराची लांबी त्यांनी डाव्या हाताच्या ताब्यात दिली होती. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

[मेट्रोनोम. 60.]

आता रियाज. एकच मोकळी तार, मात्रेला चार, आणि सुरुवात मधल्या बोटाने. बहुतेक जण आयुष्यभर सुरुवात तर्जनीने करतात, त्यामुळे समेवरचा जोर कायम तिच्याच वाट्याला येतो.

मग मात्रेला तीन स्वर. दोन बोटं आणि तीन स्वर, त्यामुळे जोराची जागा आपोआप बदलते. एकदा तर्जनीवर, एकदा मधल्या बोटावर. लपायला जागाच उरत नाही. माझ्या मते हाताला सारखं करणारा यापेक्षा चांगला पाठ नाही, आणि तो रोज दहा मिनिटं पुरतो.

तार बदलताना गडबड होते ती वेगळी. बारीक तारेवरून जाड तारेवर येताना बोट आधीच पुढच्या तारेला टेकलेलं असतं. त्याच बोटाने तीही ओढली की झालं. याला रेकिंग म्हणतात. सोयीचं आहे, ऐकायला सुंदरही लागतं. पण दोन तारांमधलं अंतर तेव्हा लयीऐवजी हात ठरवायला लागतो आणि स्वर पुढे पळतो. म्हणून आधी तीच ओळ बोटं काटेकोर आलटून-पालटून वाजवा, मग रेकिंगने, आणि दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐका.

रिकाम्या तारा गुणगुणत असतील तर अंगठा एका जागी न रोवता वरच्या तारांवर सरकता ठेवायचा. ते लवकर अंगवळणी पडतं.

[मेट्रोनोम 120 वर. चार स्वर, मग शांतता. पुन्हा चार स्वर.]

वेगासाठी मेट्रोनोम रोज थोडा थोडा वाढवायचा, असं शिकवलं जातं. काही अंतरापर्यंत ते खरं आहे. पुढे भिंत लागते, कारण संथ वाजवताना बोट जी मोठी, निवांत हालचाल करतं ती वेगात चालूच शकत नाही. वेगातली हालचाल वेगातच शिकावी लागते, छोट्या तुकड्यांत. 120 वर एक मात्रा, चार स्वर, पुढच्या मात्रेच्या सुरुवातीला पाचवा, आणि थांबा. तीन मात्रा हात पूर्ण सैल. खांदा खाली, जबडा मोकळा. पुन्हा चार. ते सारखे आले तरच दोन मात्रा, मग चार. ज्या क्षणी करंगळी ताठ होते, त्या क्षणी तुकडा परत लहान करायचा.

तीन बोटांनी वाजवणारेही आहेत. बिली शीहन यांचं वादन त्यावरच उभं आहे. पण तिसरं बोट म्हणजे तिसरा आवाज. पहिले दोन एक झाल्याशिवाय त्याला बोलावू नये, असं मला मनापासून वाटतं.

[वादक कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला. हात दिसत नाही.]

शेवटी एक ओळ ऐकू. आठ मात्रा, लय 104, मोकळी जाड तार. वादक सुरुवात कुठल्या बोटाने करणार ते त्याने आम्हाला सांगितलेलं नाही. मधे एकदा तो क्रम उलटवणार आहे. डोळे मिटा आणि ती जागा शोधा.

[पडदा काळा. फक्त बेस.]