साहेबांच्या विनोदाला कोण हसतं?

(दृश्य : राखाडी इमारती, वाहतुकीचा गोल चौक, बस स्थानक. मग एका ऑफिसातली केबिन.)

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापासून जवळच, स्लाउ नावाचं गाव आहे. तिथे वर्नम हॉग ही कागद विकणारी कंपनी. म्हणजे खरी नव्हे, 'द ऑफिस' या ब्रिटिश विनोदी मालिकेतली. शाखेचा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट. आज त्याच्या केबिनमध्ये एक नवा मुलगा बसलाय, नोकरीचा पहिला दिवस. आपण किती मजेशीर साहेब आहोत हे ब्रेंटला त्याला दाखवायचंय. म्हणून तो रिसेप्शनिस्ट डॉनला आत बोलावतो आणि चेहरा पाडून सांगतो, की तू चोरी केलीस, नोकरी गेली, पैसेही मिळणार नाहीत.

काय चोरलं? टेबलावर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या.

डॉनला ते खरं वाटतं आणि ती रडू लागते. मग ब्रेंट म्हणतो, अगं, गंमत केली.

आता जरा त्या नव्या मुलाकडे पाहा. हसावं तर समोर बाई रडतेय. हसू नये तर साहेब तोंडाकडे बघतोय. उठून जावं तर आजच कामावर लागलोय. तो नुसता बसून राहतो, आणि आपणही त्याच्याबरोबर अवघडून बसतो.

'द ऑफिस'चा हा पहिला भाग बीबीसी टू वाहिनीवर ९ जुलै २००१ रोजी दाखवला गेला. लिहिणारे आणि दिग्दर्शन करणारे दोघेच, रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट. ब्रेंटचं काम जर्व्हेसचंच. एकूण चौदा भाग झाले आणि दुकान बंद. तरीही आज विशी-पंचविशीतली मुलं, जी तेव्हा जन्मली नव्हती किंवा पाळण्यात होती, ती हे बघतात आणि अधूनमधून पडद्यापुढे हात धरतात. हे असलं, अंगावर काटा आणणारं, बघवत नाही आणि सोडवतही नाही असं विनोदी टीव्ही इंग्रजांनी इतकं कसं काय जमवलं?

याचं नेहमीचं उत्तर असं, की माणसाला दुसऱ्याची फजिती आवडते. मला ते पटत नाही. फजिती तर केळ्याच्या सालीवरून घसरणाऱ्याचीही होते, आणि ती पाहताना कुणी डोळे मिटत नाही. या विनोदाचं सगळं वजन खुर्चीत मुकाट बसलेल्या त्या मुलावर आहे.

(दृश्य : सत्तरच्या दशकातला दिवाणखाना. केशरी-तपकिरी रंग, चामडी सोफा, दारूचं कपाट.)

थोडं मागे जाऊ. १९७७ सालच्या नोव्हेंबरात बीबीसीने माईक ली यांचं 'ॲबिगेल्स पार्टी' हे नाटक दाखवलं. बेव्हर्ली आणि लॉरेन्स या जोडप्याने शेजाऱ्यांना संध्याकाळी घरी बोलावलंय. शेजारची सुझनही आलीय, कारण तिच्या घरी तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीची, ॲबिगेलची, पार्टी चालू आहे आणि आईने घरात थांबायचं नाही असं ठरलंय. ॲबिगेल नाटकात एकदाही दिसत नाही. नाव मात्र तिचं.

सुझन रेड वाइनची बाटली घेऊन येते. बेव्हर्ली ती फ्रिजमध्ये ठेवते. रेड वाइन थंड करून पीत नाहीत हे सुझनला माहीत आहे, पण ती तोंडातून अक्षर काढत नाही. बेव्हर्लीचं काम ॲलिसन स्टेडमन या नटीने असं काही केलंय, की तिचा प्रत्येक आग्रह गळ्याभोवती आवळत जातो. अजून थोडी जिन घे. घे गं. सुझन नको म्हणते, आणि ग्लास भरला जातो. मग बेव्हर्ली तिला घटस्फोटाबद्दल विचारू लागते, सगळ्यांच्या देखत.

लॉरेन्सची तऱ्हा वेगळी. त्याने शेक्सपिअरचे चामडी बांधणीतले ग्रंथ विकत घेऊन ठेवलेत. तो ते पाहुण्यांना दाखवतो आणि वर सांगतो, की हे काही खरोखर वाचायचं नसतं हो! हे वाक्य तो अभिमानाने बोलतो, आणि पाहुणे माना डोलावतात.

सुझन उठून घरी का जात नाही? घर तर शेजारीच आहे. पण इंग्लिश मध्यमवर्गात यजमानाचा अपमान करणं हे पोट बिघडेपर्यंत जिन पिण्यापेक्षा वाईट समजतात. सुझनला खरोखरच उलटी होते. त्या दिवाणखान्यात कोण कुठल्या वर्गातून आलंय, कुणाला कुठे पोचायचंय, कुणाचा उच्चार कसा, हे सगळ्यांना कळतं आणि कुणीच बोलत नाही. त्या न बोलण्यावर ली यांनी आख्खं नाटक उभं केलंय.

(दृश्य : नीटनेटकं स्वयंपाकघर, चिनी मातीचे नाजूक कप.)

नव्वदच्या दशकात हीच गोष्ट बीबीसी वनने गोड करून घरोघरी पोचवली. 'कीपिंग अप अपिअरन्सेस' ही मालिका १९९० ते १९९५ चालली. त्यातली हायसिंथ, म्हणजे पॅट्रिशिया रूटलेज, आडनावाचा उच्चारसुद्धा बदलून सांगते, इतका तिला मोठेपणाचा सोस. पण मला त्यात सगळ्यांत जास्त आवडते ती शेजारीण एलिझाबेथ. हायसिंथकडे कॉफीला बोलावलं की त्या महागड्या कपाच्या धास्तीने तिचे हात थरथरतात. कप बशीवर खडखडतो, कॉफी सांडते. स्वतःच्या घरी तिच्या हातून असं काही होत नाही. तरी बोलावणं आलं की ती जाते. प्रत्येक वेळी जाते!

मात्र या मालिकेत मागे हशा ऐकू येतो. तो हशा प्रेक्षकाला आधार देतो. तुम्ही एकटे नाही, सगळेच हसताहेत, तुम्हीही हसा. 'द ऑफिस'ने हा आधारच काढून घेतला.

(दृश्य : हातात धरलेला, किंचित हलणारा कॅमेरा.)

नव्वदच्या उत्तरार्धात ब्रिटिश टीव्हीवर एक लाट आली होती. विमानतळ, हॉटेल, ड्रायव्हिंग शिकणारी माणसं, जहाजावरचे कर्मचारी, अशा खऱ्याखुऱ्या माणसांमागे कॅमेरा लावायचा आणि त्याची मालिका करायची. साधी माणसं रातोरात प्रसिद्ध होत होती. जर्व्हेस आणि मर्चंट यांनी तेच रूप उचललं. ब्रेंटच्या ऑफिसात एक माहितीपट करणारी टोळी आलीय आणि आपण पाहतोय ते त्यांचं चित्रण, अशी सगळी मांडणी. पार्श्वसंगीत नाही, हशा नाही. फोटोकॉपी मशीनची घरघर आणि विनोद पडल्यानंतरची शांतता.

त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक तर ब्रेंटला प्रेक्षक मिळाला. कॅमेरा नसता तर तो इतका वाह्यात वागलाच नसता. प्रत्येक वाक्यानंतर त्याची नजर हळूच लेन्सकडे जाते, टिपलं ना, असं विचारत. दुसरं म्हणजे त्या कॅमेऱ्याकडे आणखी एक जण पाहतो, सेल्समन टिम. मार्टिन फ्रीमनने हे काम केलंय. टिम काही बोलत नाही. मान वळवतो आणि आपल्याकडे पाहतो. त्या एका नजरेत तो आपल्याला शेजारच्या खुर्चीत बसवून घेतो.

गिटारचा प्रसंग बघा. बाहेरून एक प्रशिक्षक आलाय, ग्राहकसेवा शिकवायला. ब्रेंटला हे सहन होत नाही, कारण आज खोलीतला मोठा माणूस दुसराच आहे. तो मध्ये मध्ये तोंड घालतो, नाटुकली करून दाखवतो, आणि शेवटी घरी जाऊन गिटार घेऊन येतो. मग गाणी. प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावरचं ते सभ्य हसू हळूहळू गोठत जातं. लग्नाच्या रिसेप्शनला काकांनी ऑर्केस्ट्राचा माईक हातात घेतला आणि सोडेनातच, की मांडवभर पसरतो ना, तसा चेहरा. त्या प्रशिक्षकाला त्या दिवसाचे पैसे मिळणार आहेत आणि कंपनी त्याची ग्राहक आहे. ग्राहकसेवा शिकवायला आलेला माणूस ग्राहकालाच कसा थांबवणार?

'द ऑफिस'च्या दुसऱ्या पर्वातला नाच तर जगभर फिरला. धर्मादाय निधीचा दिवस आहे. नवा वरिष्ठ साहेब नील याने सहकारी बाईबरोबर झकास नाच करून टाळ्या मिळवल्यात. आता ब्रेंटला राहवेना. संगीत न लावता, तोंडानेच ठेका धरत, तो हातपाय असे काही उडवतो की बस्स. आजूबाजूची माणसं बघत उभी राहतात. जागचं कुणी हलत नाही.

जर्मनीत मारबुर्ग इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दुसरा माणूस लाजिरवाण्या प्रसंगात सापडलेला दाखवला, की पाहणाऱ्याच्या मेंदूतले असे भाग जागे होतात जे दुसऱ्याचं शारीरिक दुखणं पाहतानाही जागे होतात. आणि त्या दुसऱ्याला स्वतःला लाज वाटत असो वा नसो, आपल्याला ती वाटतेच. एरवी मेंदूच्या छायाचित्रांवरून विनोद समजावून सांगणाऱ्यांचा मला कंटाळा येतो, पण हा मुद्दा ब्रेंटला नेमका बसतो. त्याच्या वाटणीची लाज तो घेतच नाही. मग ती कुणीतरी घ्यायलाच हवी, म्हणून आपण घेतो.

(दृश्य : महामार्गावरचं हॉटेल, बुफेचं टेबल.)

ब्रेंटचा थोरला भाऊ शोभेल असा एक जण आधीच येऊन गेला होता. ॲलन पार्ट्रिज हा टीव्हीवरचा निवेदक, म्हणजे नट स्टीव्ह कूगन. रेडिओवर १९९१ मध्ये जन्मलेलं हे पात्र १९९७ च्या 'आय ॲम ॲलन पार्ट्रिज'मध्ये पुरतं घसरलेलं दिसतं. टीव्हीचा कार्यक्रम गेला, बायको गेली, मुक्काम महामार्गालगतच्या हॉटेलात. तिथल्या बुफेला तो स्वतःची मोठी थाळी घेऊन जातो, कारण हॉटेलची लहान आहे! बीबीसीचा अधिकारी त्याला जेवायला बोलावतो तेव्हा पार्ट्रिज घायकुतीला येऊन एकामागून एक कार्यक्रम सुचवत सुटतो. शेवटी काहीच उरत नाही तेव्हा म्हणतो, माकडांचं टेनिस? अधिकारी सभ्यपणे नाही म्हणत राहतो. ते जेवण संपतं त्या अधिकाऱ्याच्या तोंडावर चीज दाबून.

'पीप शो' या ब्रिटिश कार्यक्रमाने २००३ पासून वेगळाच मार्ग काढला. कॅमेरा थेट पात्रांच्या डोळ्यांतून पाहतो आणि त्यांच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं. म्हणजे तोंडाने सभ्य बोलणाऱ्याच्या आत काय चाललंय तेही कळतं. तो नऊ पर्वं चालला, आणि तो लिहिणाऱ्यांपैकी जेसी आर्मस्ट्राँगने पुढे अमेरिकेत 'सक्सेशन' ही मालिका लिहिली. तिथेही बापाच्या विनोदाला हसणारी माणसं आहेतच, फक्त अब्जाधीश.

अमेरिकेने 'द ऑफिस' २००५ मध्ये घेतलं तेव्हा पहिला भाग जवळजवळ जसाच्या तसा केला, चिकट चिठ्ठ्यांसकट. तो तिथे रुजेना. मग दुसऱ्या वर्षापासून स्टीव्ह कॅरेलचा साहेब मऊ झाला, वेडगळ पण मनाने चांगला. मालिका २०१ भाग चालली आणि चांगली चालली. पण त्या ऑफिसातल्या लोकांना हळूहळू आपला साहेब आवडू लागतो, आणि तिथून पुढे तो वेगळा विनोद आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये हॉटस्टारवर हिंदी 'द ऑफिस'चा साहेब, फरिदाबादचा जगदीप चड्ढा आला, तोही स्लाउपेक्षा अमेरिकेच्या वाटेने गेला. गंमत म्हणजे ज्या ब्रिटिश मालिका हिंदीत छान उतरल्या, 'जबान संभालके' आणि 'जी मंत्रीजी', त्या लाजेवर नव्हे, शब्दांच्या करामतीवर चालणाऱ्या होत्या.

(दृश्य : रिकामं ऑफिस, संध्याकाळ.)

'द ऑफिस' पुन्हा पाहताना एक गोष्ट जास्त जाणवते. पहिल्याच भागात वरून निरोप येतो, की स्लाउ आणि स्विंडन या दोन शाखांपैकी एक बंद होणार, माणसं कमी होणार. म्हणजे ब्रेंट जेव्हा विनोद करतो तेव्हा समोरच्या प्रत्येकाच्या घराचे हप्ते टांगणीला आहेत. त्यांचं गप्प बसणं ही इंग्रजी शिष्टाचाराची गोष्ट आहे तितकीच पगाराचीही. साहेबांच्या विनोदाला हसणं हे कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नसतं, पण हजेरी तिथेही लागते. स्लाउ असो वा नरिमन पॉइंट.

आणि ब्रेंट स्वतः? तोही कुणाच्या तरी समोर असाच बसलेला असतो. ख्रिस फिंच नावाचा फिरता सेल्समन, उर्मट, घाणेरड्या तोंडाचा. फिंच ब्रेंटचा सगळ्यांसमोर पाणउतारा करतो आणि ब्रेंट सगळ्यांत मोठ्याने हसतो. याला आपला जिगरी दोस्त म्हणवतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी ब्रेंटचीच नोकरी जाते. केबिनमध्ये तो अक्षरशः हातापाया पडतो, काढू नका म्हणून, आणि त्या वेळी कॅमेऱ्याकडे पाहायचं त्याला भान राहत नाही.

डिसेंबर २००३ मध्ये नाताळचे दोन खास भाग आले. जुन्या ऑफिसची पार्टी आहे. ब्रेंट, आता तिथला कुणीच नाही, ओळख होऊन थोडाच वेळ झालेल्या एका बाईबरोबर आलाय. तिला तो चक्क आवडलाय. फिंच येतो आणि नेहमीसारखा तिच्यावरून घाण शेरा मारतो. नील शेजारी उभा आहे. इथे ब्रेंटने हसायचं, अशी आजवरची रीत.

ब्रेंट हसत नाही. तो फिंचला शिवी हासडून चालता हो म्हणतो.