काळी एकचा षड्ज आणि दोन जाळ्या

[पडद्यावर: रामबाग, इंदूर. रात्रीचे सव्वाअकरा. गल्लीत एक स्कूटर येऊन बंद होते.]

या वेळी सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस कढईत असतो आणि गर्दी पायावर पाय देते. इकडे रामबागेत काकांनी खिडक्या लावून घेतल्यात. पंखाही बंद. मे महिना आहे, तरी बंद.

कारण त्यांच्या डोक्यावर आहे. सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हेडफोन. मॉडेल १९९७ सालचं, अजून बनतं. बाहेरच्या बाजूला पत्र्याची काळी जाळी, म्हणून ओपन-बॅक. साधा हेडफोन मागून डब्यासारखा बंद असतो. आतल्या थरथरणाऱ्या पडद्याच्या मागून निघालेला आवाज डब्यात आपटून पुन्हा कानाशी येतो आणि गाण्याला घुमारा चढतो. इथे तो आवाज जाळीतून सरळ निघून जातो, म्हणून गाणं मोकळं वाटतं. सेनहायझरनेच १९६८ साली एचडी ४१४ काढून ही वाट उघडली. त्याचे पिवळे फोम अजून जुन्या जाहिरातींत दिसतात.

पण जाळीला दोन्ही दिशा सारख्या. काकांचा दरबारी राग काकूंना ऐकू येतो आणि काकूंचा पंखा काकांना. काकूंचा प्रश्न वीस वर्षांचा आहे: "कानात घालूनही घरभर ऐकवायचं, तर स्पीकर काय वाईट होता?" काका उत्तर देत नाहीत. उत्तर नाहीच आहे.

[टेबलावर दुसरा हेडफोन. मोठे गोल कप.]

हा मी आणला. कंपनी हायफायमॅन, मॉडेलचं नाव सुंदरा. नाव ऐकताच काकांनी तोंडाने ढोलकीचा ठेका धरला. मग उचलून पाहिला आणि म्हणाले, "नाव लावणीचं, वजन पखवाजाचं." खोटं नाही. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा, सुंदरा ३७२. मान दुखणाऱ्या माणसाला हे शंभर ग्रॅम संथ लयीचा विलंबित ख्याल संपेपर्यंत चांगलेच जाणवतात.

आतली रचनाही वेगळी. एचडी ६०० मध्ये पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते, ती चुंबकात हलते आणि पडद्याला ढकलते. सुंदरात पडदाच कागदाहून पातळ, त्याच्यावरच विजेची वाट छापलेली, आणि शेजारी चुंबकांच्या पट्ट्या. अख्खा पडदा एकदम हलतो. याला प्लेनर म्हणतात.

पहिल्या रात्री गायक अमीर खाँसाहेबांचा दरबारी लावला. खाँसाहेब इंदूरचेच. वडील शहमीर खाँ होळकर दरबारी सारंगी वाजवायचे. १९७४ साली कलकत्त्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले, हे सांगताना काकांचा आवाज अजून खाली येतो. झूमरा तालाच्या चौदा मात्रा संथपणे फिरत होत्या. पाच मिनिटांत काकांनी निकाल दिला: "सुंदराच. माझा आता म्हातारा झाला."

मला खात्री नव्हती. दोन वस्तू कानाने जोखायच्या तर आवाज सारखा हवा, कारण जी किंचित मोठी वाजते तीच आपल्याला चांगली वाटते. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याला भोक पाडलं, पुठ्ठा कपावर ठेवला, भोकाला फोनचा माईक लावला आणि एकच सूर दोन्हींवर वाजवला. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण एकाच फोनवर दोन्हींची तुलना करायला पुरतं. सुंदरा ४ डेसिबल मोठी निघाली. काकांचा निकाल तिथेच रद्द.

[डोंगलचा क्लोज-अप.]

इथे थोडं विषयांतर. एचडी ६०० चा विजेला रोध तीनशे ओहम आहे, मोठ्या अँपशिवाय (अँप्लिफायरशिवाय) तो वाजतच नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. गणित साधं आहे. आमचा डोंगल, म्हणजे फोन आणि हेडफोन जोडणारा छोटा तुकडा, १ व्होल्ट देतो. ३०० ओहमवर त्याचे सव्वातीन मिलिवॅट होतात. हा हेडफोन १ मिलिवॅटला ९७ डेसिबल वाजतो, म्हणजे १०२ पर्यंत जातो. रामबागेत रात्री बारा वाजता याहून जास्त कुणाला हवं? हळू आवाजात भरलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणाला थोडी कमतरता भासेल, एवढंच. अँप घ्यायचा तर हौसेने घ्या, भीतीने नको.

आता आवाज सारखा करून पुन्हा दरबारी.

काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो. खालच्या सप्तकातला मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, सत्तरच्या आत. एचडी ६०० चा आवाज शंभरच्या खाली उतरायला लागतो, सुंदरा तिथे टिकून राहते. म्हणून खाँसाहेब खर्जात उतरले की सुंदरात तो सूर पोटातून आल्यासारखा वाटतो. एचडी ६०० मध्ये सूर हरवत नाही. वरचे उपस्वर ऐकून मूळ स्वर कान स्वतःच भरून घेतो. सूर कळतो, भार जाणवत नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, हीसुद्धा सुंदरात जास्त खुलते, आणि तिच्यासोबत टेपची सूंऽऽ सुद्धा. ती काही कुणी मागितली नव्हती.

मात्र शब्दांपाशी काका थबकले. बंदिशीतला एक 'ह' त्यांनी तीनदा ऐकला, हेडफोन बदलून बदलून. "इथे खाँसाहेबांचा श्वास आहे," एचडी ६०० वर बोट ठेवून म्हणाले, "तिथे नुसता आवाज." मला तसं वाटलं नाही. आम्ही वाद घातला, मिटला नाही.

'साउंडस्टेज', म्हणजे गाणारे-वाजवणारे आजूबाजूला बसल्याचा भास, हा शब्द मी काढलाच नाही. हे मुद्रण मोनो आहे, दोन्ही कानांत एकच आवाज. दोन्ही हेडफोनांत खाँसाहेब डोक्याच्या बरोबर मध्यभागीच बसतात, पैसे कितीही घाला.

[काका जुना पॅड काढतात. फोम चपटा, मखमल चकचकीत झालेली.]

मग लक्षात आलं की काकांचे पॅड कैक वर्षं बदललेलेच नाहीत. फोम बसला की कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोलच बदलतो. म्हणजे आम्ही आठवडाभर नव्या सुंदराची तुलना एचडी ६०० शी नाही, एका दबलेल्या फोमशी करत होतो! पॅड, वायर, डोक्यावरची पट्टी, या मॉडेलचं सगळं सुटं मिळतं. नवे पॅड मागवले. महागडी वायर घेऊ का, असं काकांनी विचारलं. मी नको म्हटलं.

[पहाट. खिडकी उघडी.]

नवे पॅड चढवून काकांनी सकाळी पुन्हा तोच 'ह' लावला. पोहे निवत होते, त्यांच्यावर जीरावण मसाला पडायचं बाकी होतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कचरा गाडी आपलं गाणं लावून वळली, आणि जाळीतून थेट दरबारीत शिरली. काकांनी हेडफोन काढून हुकाला लावला आणि ओला-सुका डबा घेऊन जिना उतरले.