प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर घ्यायचा का, हे टायरला विचारा

नमस्कार मंडळी. विषय फळ्यावर लिहिलेलाच आहे: नायट्रस बसवलेल्या ड्रॅग, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीच्या, गाडीला प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर, म्हणजे नायट्रस एकदम न सोडता हळूहळू वाढवत नेणारा डबा, लागतो का? समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे हात या कामात काळे झालेले दिसतायत, त्यामुळे नायट्रस म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही; एवढंच, की बाटलीतला हा नायट्रस ऑक्साइड इंजिनाला जादा ऑक्सिजन देतो, त्यावर जादा पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते. एक गोष्ट मात्र आधी सांगतो. हे सगळं बोलणं धावपट्टीवरच्या, आयोजकांनी तपासून घेतलेल्या गाडीबद्दल आहे. रात्री दोन वाजता बायपासवर बाटली उघडणाऱ्यासाठी यातलं एकही वाक्य नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की कंट्रोलर ही टायरसाठी घ्यायची वस्तू आहे. आपल्याकडे तो इंजिन वाचवायला घेतला जातो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

टायरसाठी का, ते आकड्यांनी बघू. जेटमधून, म्हणजे मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, नायट्रस दर सेकंदाला जवळपास ठरावीक वजनाने येतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आहे की ६००० वर, याच्याशी जेटला काही देणंघेणं नाही. म्हणजे पन्नासचा शॉट दोन्हीकडे साधारण पन्नास अश्वशक्तीच देणार. पण अश्वशक्ती तीच ठेवून फेरे निम्मे केले की टॉर्क दुप्पट होतो. पन्नास अश्वशक्ती ६००० फेऱ्यांवर भरते साधारण ५९ न्यूटन-मीटर, ३००० वर ११९ आणि २००० वर तब्बल १७८. आता आपली जुनी १.५ लिटरची सिटी व्हीटेक घ्या. इंजिनाचा स्वतःचा टॉर्क १३० न्यूटन-मीटरच्या आसपास. तिला ३००० फेऱ्यांवर पन्नासचा शॉट एकदम सोडला, तर क्लच सुटल्या सुटल्या पुढच्या चाकांवर जवळजवळ दुप्पट जोर येतो. त्यात गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. लाँचला, म्हणजे जागेवरून सुटताना, वजन मागे सरकतं आणि जी चाकं ओढतायत तीच हलकी होतात. पहिल्या गिअरला धूर निघतो, दुसऱ्यालाही निघतो, बघणारे टाळ्या वाजवतात आणि शेजारची साधी गाडी पुढे निघून जाते.

जाता जाता पुण्यापुरती एक गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहोत, त्यामुळे इंजिनाला मिळणारी हवा पाचेक टक्के पातळ असते. बाटलीतल्या नायट्रसला हा तोटा लागू होत नाही. म्हणून मुंबईत बसवलेला हिशेब इथे आणला, की एकूण ताकदीत नायट्रसचा वाटा थोडा वाढलेला असतो. फरक लहान आहे, पण टायर आधीच काठावर असेल तर जाणवतो.

कंट्रोलर काय करतो? नायट्रस आणि पेट्रोल, दोन्हीचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे वाल्व्ह, सेकंदाला दहा-पंचवीस वेळा उघडबंद करतो आणि उघडं राहण्याचा वेळ टक्क्यांत वाढवत नेतो. तीसवर सुरू करा, दोन सेकंदांत शंभरवर जा, असं त्याला सांगता येतं. म्हणजे खालच्या फेऱ्यांवरचा तो दुप्पट टॉर्क कापला जातो. त्याचा उपयोग एवढाच आणि तो खरा आहे.

आता इंजिनाकडे या. पाव मैलाची धाव चौदा सेकंदांची धरा. रॅम्प, म्हणजे तीसवरून शंभरवर जाण्याचा चढ, दोन सेकंदांचा. म्हणजे उरलेले बारा सेकंद इंजिन पूर्ण शंभर टक्के खातंय. पेट्रोल कमी पडत असेल, इग्निशन मागे घेतलेलं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल असं केलेलं, नसेल, स्पार्क प्लग जास्त गरम जातीचा असेल, तर त्या बारा सेकंदांत पिस्टन वितळायचा तो वितळतोच. कंट्रोलरचा डबा डॅशबोर्डवर छान शोभतो, पण पिस्टनला तो दिसत नाही. एक अपवाद मानतो. खालच्या फेऱ्यांवर सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त चढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो तो तिथेच. शिवाय मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचून बॅकफायर होतो तोही तिथेच. रॅम्पने हे कमी होतं. पण तेच काम विंडो स्विच, म्हणजे ठरावीक फेऱ्यांच्या दरम्यानच नायट्रस चालू ठेवणारा स्विच, कितीतरी स्वस्तात करतो. ३००० ते ३५०० फेऱ्यांच्या खाली नायट्रस उघडूच द्यायचा नाही आणि रेव्ह लिमिटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेवर रोखणाऱ्या यंत्रणेच्या, दोनशे फेरे आधी बंद करायचा. वरचं टोक विसरू नका. लिमिटर पेट्रोल कापणारा असेल आणि त्या क्षणी नायट्रस चालू असेल, तर इंजिनात ऑक्सिजन आहे आणि पुरेसं इंधन नाही, अशी अवस्था होते. त्यानंतर इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही.

आता बाटली. या मुद्द्यावर मला थांबवू नका, कारण आपल्याकडे बिघडणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक इथे सुरू होतात आणि बोल मात्र कंट्रोलरला लागतो.

नायट्रस बाटलीत द्रव असतो आणि त्याचा दाब ठरतो तापमानावर. १० अंशांना साधारण ४० बार, २० ला ५०, ३० ला ६३. किटबरोबर आलेले जेटचे तक्ते ९०० ते १००० पीएसआय, म्हणजे ६२ ते ६९ बार, धरून केलेले असतात. आणि ३६.४ अंश हे नायट्रसचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही आणि भरलेल्या बाटलीचा दाब सरळ वर जातो. एप्रिलमध्ये पुण्याची दुपार चाळिशीला टेकते. डांबरावर उभ्या गाडीची डिकी त्याहून तापलेली. म्हणजे ज्या देशांतून ही किटं येतात तिथे बाटली गरम करण्याचे पट्टे विकत घेतात आणि आपल्याला उन्हाळ्यात ओलं गोणपाट लागतं.

दाब बदलला की काय होतं? जेटमधून जाणारा नायट्रस साधारण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ६५ बारवर बसवलेली गाडी ८५ बारवर चालवली, तर नायट्रस चौदाएक टक्के जास्त आणि पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. उलट डिसेंबरच्या पहाटे लोणावळ्याच्या बाजूला बाटली १० अंशांवर असेल, तर तीस अंशांच्या तुलनेत नायट्रस वीस टक्क्यांनी कमी. गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, सुस्त, आणि मालक म्हणतो की कंट्रोलर बिघडलाय. बाटलीतून येणारा नायट्रसच वीस टक्के हलतो तिथे तीसचे पस्तीस टक्के करून काय शिकणार?

म्हणून माझा आग्रह असा, की कंट्रोलरच्या आधी तीन वस्तू घ्या. बाटलीवर दाबाचा गेज, जो ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसेल. तीस किलोपर्यंत मोजणारा टेबलकाटा, मार्केट यार्डात वापरतात तसला, कारण दाब कितीही दाखवला तरी बाटलीत किती उरलंय ते फक्त वजन सांगतं. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्यावर ठोकलेलं असतं. दहा पौंडांच्या बाटलीत साडेचार किलो नायट्रस, त्याहून एक ग्रॅम जास्त नाही, कारण जास्त भरलेली बाटली उन्हात सेफ्टी डिस्क फोडते. आणि तिसरी वस्तू वाइडबँड लँबडा, म्हणजे एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा सेन्सर, आकडे नोंदवून ठेवणारा. बाटली गरम करायची असेल तर कोमट पाणी किंवा तिच्यासाठीच बनवलेला पट्टा. ज्योत कधीही नाही, हीट गन नाही. बसवताना वाल्व्ह पुढच्या बाजूला, थोडा उंच, लेबल वर. मग लाँचला द्रव मागे सरकतो आणि आतल्या नळीचं तोंड त्यात बुडालेलं राहतं. उलटी बसवलेली बाटली नेमकी लाँचलाच वायू ओकते. भरण्याबद्दलही एवढंच सांगतो: २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत, परवाना असलेल्याकडूनच भरून घ्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये नायट्रस घेणारे लोक आहेत. त्यांच्याजवळ उभे राहू नका.

समोरून चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. ज्यासाठी तुम्ही आलात तो निर्णय अजून सांगायचाच आहे, तेव्हा भराभर घेतो.

पहिल्या साठ फुटांची, म्हणजे १८ मीटरची वेळ मोजा. आधी नायट्रसशिवाय. चाकं आताच फिरत असतील, तर लाँचला नायट्रसची जागाच नाही. इंजिनाचाच टॉर्क टायरला पेलत नाहीये. अशा गाडीला डिले टायमर किंवा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चालू होणारा स्विच पुरतो. उरलेला पैसा टायर आणि सस्पेन्शनवर खर्च करा. दुसरी शक्यता: पूर्ण शॉट लाँचलाच दिला तरी गाडी पकडते. मग कंट्रोलरने तुम्ही फक्त वेळ गमावाल. पस्तीस-पन्नासचा शॉट आणि चांगले ड्रॅग टायर, तर बहुतेकदा हेच उत्तर येतं. तिसरी: नायट्रसशिवाय पकडते, पूर्ण शॉटवर सुटते. कंट्रोलर घ्यायचा तो इथे, फक्त इथे. पुढच्या चाकांच्या गाडीवर पंचाहत्तर किंवा त्याहून मोठा शॉट असेल, तर बहुतेकांची गाडी या तिसऱ्या खान्यात पडेल. दोन छोट्या स्टेज, म्हणजे एकामागून एक चालू होणारे दोन लहान शॉट, हाही मार्ग आहे, पण सोलेनॉइडचे दोन संच आणि दुप्पट जोडण्या सांभाळाव्या लागतात.

घेतलात तर क्रम असा. आधी शंभर टक्क्यांवर गाडी नीट करा, तीही तिसऱ्या गिअरपासून. इग्निशन दर पन्नास अश्वशक्तीला दोनेक अंश मागे, प्लग एक पायरी थंड, गॅप पाऊण मिलिमीटरच्या आसपास. प्लग काढून त्यांच्यावरच्या खुणा वाचा. मगच रॅम्प. सुरुवात तीस टक्के, दोन सेकंद. वीस-पंचवीसच्या खाली जाऊ नका. सोलेनॉइडला ६० बारच्या विरुद्ध पूर्ण उघडायलाच काही मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला २५ ठोक्यांवर वीस टक्के म्हणजे फक्त आठ मिलिसेकंद. पेट्रोलच्या सोलेनॉइडवर दाब कितीतरी कमी, त्यामुळे दोघं सारखे उघडत नाहीत आणि खालच्या टक्क्यांना मिश्रण भलतीकडे जातं. लॉग बघा. ठोके फार कमी ठेवले तरी चालत नाही: चार सिलिंडरचं इंजिन ६००० फेऱ्यांवर सेकंदाला दोनशे वेळा श्वास घेतं. दहा ठोक्यांवर तीस टक्के ठेवले, तर वीसपैकी सहा श्वासांना नायट्रस, चौदांना काही नाही. तीस टक्के म्हणजे तीस टक्के ताकद, असंही धरू नका. सुरुवात पाचपाच टक्क्यांनी वाढवा, चाक सुटलं की एक पायरी मागे. मग रॅम्प आखूड करा. एका धावेत एकच बदल.

वायरिंग: साधा रिले दर सेकंदाला पंचवीस ठोके सोसत नाही. संपर्क चिकटतात आणि सोलेनॉइड उघडाच राहतो. किटबरोबरचा रिले सोलेनॉइडच्या वाटेतून काढा आणि कंट्रोलरच्या आउटपुटवरून थेट जोडा. जाड वायर, स्वतंत्र फ्यूज, अर्थ थेट बॅटरीवर. नाना पेठेत मिळणारी बारीक वायर यासाठी नको. सोलेनॉइडचे सील ठोक्यांनी झिजतात, हंगामात एकदा उघडून बदला. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतून, म्हणजे रेलमधूनच, नायट्रसचं पेट्रोल घेत असाल तर ठोक्यांबरोबर रेलचा दाब नाचतो का ते गेजवर बघा. नाचत असेल तर वेगळा पंप आणि परतीची लाइन लागेल. इग्निशन रॅम्पभर पूर्ण मागेच ठेवा. थोडी ताकद जाते, पण नुकसान काही होत नाही.

आणि शेवटचं, कारण हे मॅन्युअलच्या आतल्या पानावर लपलेलं असतं. गिअर बदलताना पाय उचलला की पूर्ण थ्रॉटलचा स्विच सुटतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये अशा वेळी रॅम्प पुन्हा तीस टक्क्यांपासून सुरू होतो, की होता तिथून पुढे जातो, हे आपण निवडायचं असतं. पहिलं निवडलेलं राहिलं, तर दर गिअरला दोन सेकंद वाया जातात. दुसरं निवडलं, तर चाक सुटल्यावर पाय उचलून परत दाबलात तरी आधीच्याच टक्क्यांवर नायट्रस येतो आणि चाक पुन्हा सुटतं. ज्या गाडीची चाकं दुसऱ्या गिअरला सुटतात, तिथे पहिला पर्याय आणि आखूड रॅम्प. ज्या गाडीची फक्त पहिल्याला सुटतात, तिथे दुसरा.