काळ्या काचेवरचे वाचन

टेबलावरच्या आयपॅडचा पडदा पूर्ण काळा आहे, तरी तो बंद नाही. पडद्यावरचे सारे बोलून दाखवणारा व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टकटक केली की काच अंधारते, शेजारी बसलेल्याला पत्रातले अक्षरही दिसत नाही आणि आवाज मात्र चालूच राहतो. आमच्या कॅमेऱ्यासाठी ही मोठीच अडचण होती, म्हणून आम्ही पडदा उजळायची विनंती केली. ज्यांच्या हातात हे यंत्र आहे, त्या निवृत्त शिक्षिका असल्याने सारे त्यांना बाई म्हणतात; बाईंना त्या उजेडाने काहीच फरक पडला नाही.

२००९ साली आयफोन ३जीएसमध्ये आलेला व्हॉइसओव्हर २०१०च्या पहिल्या आयपॅडमध्ये सुरुवातीपासूनच होता. हाताला एकही कळ न लागणाऱ्या गुळगुळीत काचेवर अंध माणसाने बोट टेकवायचे तरी कुठे, या प्रश्नाला त्यात साधे उत्तर आहे: पहिल्या स्पर्शाने काम होत नाही, केवळ बोटाखाली काय आहे ते ऐकू येते. हवे ते नाव ऐकले की काचेवर कुठेही दोनदा टकटक करायची. बोट उजवीकडे झटकले की पुढची गोष्ट, डावीकडे झटकले की मागची. त्यामुळे जागा पाठ नसली तरी क्रमाने सर्वत्र पोहोचता येते.

लांबलचक पानावर मात्र हा क्रम कंटाळवाणा होतो आणि तिथे रोटर कामाला येतो. जुन्या रेडिओचे बटण पिळावे तशी दोन बोटे काचेवर फिरवली की शीर्षके, दुवे, शब्द, अक्षरे असे पर्याय ऐकू येतात. शीर्षके निवडून बोट खाली झटकत गेले की बाई मजकुराच्या मधल्या साऱ्या पसाऱ्यावरून उड्या मारत हव्या त्या बातमीपर्यंत पोहोचतात. त्यांनी ठेवलेला वाचनाचा वेग आम्हाला तर निव्वळ गुणगुणण्यासारखा वाटला.

व्हॉइसओव्हरला मराठी आवाज मिळाला तो २०२२मध्ये, आयपॅडओएस १६ या आयपॅडच्या प्रणालीबरोबर. लिपी एकच असल्याने त्याआधी हिंदी आवाजावर भागवावे लागे, आणि त्याच्या तोंडी 'चाक'मधला च थेट 'चार'मधल्या च सारखा येई. मराठी कानाला हे फार खुपते.

खरी अडचण आवाजाची नाही, मजकूर कसा तयार केला आहे याची आहे. बटणाला नाव दिलेले नसेल, तर यंत्र नुसते 'बटण' म्हणते आणि पुढे सरकते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले पान डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असल्याने ऐकणाऱ्याच्या वाट्याला अर्थहीन बडबड येते. छायाचित्र म्हणून पाठवलेल्या कागदावरची अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात आणि जोडाक्षर पुसट असेल, तर त्या ओळखीचाही भरवसा नसतो.

चित्रीकरण चालू असतानाच नात्यातल्या कोणीतरी बाईंना लग्नपत्रिका पाठवली. सोनेरी वेलबुट्टीत गुंतलेल्या अक्षरांचे ते चित्र होते. बाईंनी दोनदा प्रयत्न केला, मग मुहूर्त विचारायला सरळ फोन लावला.